बिलिंग काउंटरवरच्या माणसाला बसायला स्टूल द्यावे की नाही?

उभा_काउंटर (धागाकर्ता):

सवलतीच्या दरात किराणा, कपडे आणि घरसामान विकणाऱ्या मोठ्या दुकानांविषयी आपल्याकडे बोलणे होते ते भावांबद्दल, रांगांबद्दल, फार तर पार्किंगबद्दल. मी पिंपरी-चिंचवडमधल्या अशा एका दुकानात काही वर्षे बिलिंगला होतो. आता दुसरीकडे नोकरी करतो. माझे म्हणणे मर्यादित आहे आणि चर्चाही तेवढीच राहावी, अशी विनंती आहे. बिल करणाऱ्याला बसून काम करू द्यावे, आणि त्यापायी तूरडाळ महाग होण्याचे काही कारण नाही.

ज्यांनी हे काम केलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. दुपारच्या पाळीला आले की मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा, सुट्ट्या पैशांची पेटी मोजून सही करून घ्यायची आणि काउंटरवर उभे राहायचे, ते रात्री शटर खाली येऊन गल्ला जुळेपर्यंत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पगार झाले की, रांग पार तेलाच्या डब्यांपर्यंत मागे जाते. दहा किलो आट्याच्या पिशवीचा बारकोड नेमका खालच्या शिवणीजवळ असतो, म्हणून ती ट्रॉलीतून उचलायची, पालथी करायची, स्कॅनरसमोर धरायची आणि पलीकडे ठेवायची. मध्येच ग्राहकाला धणेपूड आठवते, ते ट्रॉली तशीच सोडून आत जातात आणि मागची सगळी रांग त्यांच्याकडे नव्हे, तर आपल्याकडे बघत राहते. एखादी वस्तू बिलातून काढायची असेल, तर पर्यवेक्षक येऊन त्याचे कार्ड लावेपर्यंत हात बांधलेले असतात. तेवढ्या वेळातही बसता येत नाही, कारण बसायला काही ठेवलेलेच नसते.

आम्ही बिस्किटांच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा चपटा करून पायाखाली घेत असू, म्हणजे फरशी टाचांना थेट लागत नाही. साहेब फेरीवर आले की तो पायानेच काउंटरखाली सरकवायचा, कारण 'ग्राहकांना ते बरे दिसत नाही'. बसण्यालाही आक्षेप तोच होता. गतीचा, जागेचा किंवा खर्चाचा मुद्दा मला तेथे कोणी कधी सांगितला नाही.

केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये आपापल्या दुकाने कायद्यांत दुरुस्ती करून कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. केरळमध्ये त्यामागे कोझिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेतल्या विक्रेत्या स्त्रियांनी चालवलेला लढा होता. महाराष्ट्रातल्या मोठ्या दुकानांना ही सोय जड का जावी?

शटर_वर:

असहमत. मी अशाच प्रकारच्या दुकानात व्यवस्थापक आहे, त्यामुळे माझी बाजू पलीकडची आहे, हे धरूनच वाचावे.

स्वस्त विकण्याचे गणित आधी पाहू. एका प्रकारचे मोजकेच नग ठेवायचे, ते झपाट्याने खपवायचे, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून त्याच्याकडून भाव पाडून घ्यायचा आणि शक्य तेथे भाड्याऐवजी स्वतःच्या जागेत दुकान थाटायचे. डीमार्टने २००२ मध्ये पवईत पहिले दुकान काढले, तेव्हापासून आपल्या राज्यात हे गणित सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. नफ्याचा टक्का इतका बारीक असतो की तो टिकतो केवळ उलाढालीवर, आणि उलाढाल अडते ती बिलिंगपाशी. शनिवारी संध्याकाळी रांग वाढली की लोक भरलेली ट्रॉली सोडून निघून जातात. त्यातले दूध-पनीर वेळेत परत शीतकपाटात गेले नाही, तर ते फेकावे लागते.

दुसरे असे की, धागाकर्त्यांनीच वर्णन केलेली आट्याची पिशवी बसून उचलून पाहावी. उभ्या माणसाचे वजन पायांवर असते. बसलेला माणूस कमरेतून वळतो आणि सगळा भार मणक्यावर घेतो. आज टाचा दुखतात, उद्या कंबर धरेल, आणि तेव्हा त्याबद्दलही धागा निघेल. काउंटरची उंचीच उभ्या माणसाच्या हिशेबाने बांधलेली असते, हे वेगळे सांगायला नको.

पेठेतले_दुकान:

आमचा पिढीजात किराणा आहे, म्हणून या चर्चेची थोडी गंमत वाटते. माझ्याकडची दोन्ही मुले गिऱ्हाईक नसेल तेव्हा साखरेच्या पोत्यावर खुशाल बसतात, चहा पितात, मोबाइल बघतात. सकाळी साडेआठला येतात आणि रात्री नऊनंतर जातात. मात्र दुपारी दुकान बंद असते आणि घरी कोणाचे आजारपण असले, तर सुट्टीसाठी अर्ज करावा लागत नाही. त्यांचा भविष्यनिर्वाह निधी मी भरत नाही, कारण वीस माणसांच्या आतल्या दुकानाला तो लागू होत नाही. मोठ्या दुकानात तो कापला जातो, पगार बँकेत जमा होतो आणि पाच वर्षे काढली तर ग्रॅच्युइटीही मिळते. एवढे सगळे घेऊन वर स्टूलही हवे असेल, तर मागणाऱ्याने आमच्याकडे महिनाभर राहून पाहावे. माझा एक मुलगा गेल्या दिवाळीनंतर तिकडेच गेला आणि परत आला नाही, यावरून काय ते समजावे.

उभा_काउंटर:

@पेठेतले_दुकान, आपल्याकडे निधी नाही म्हणून तिकडे स्टूल नको, हा युक्तिवाद मला कळला नाही. दोन्ही ठिकाणी जे कमी आहे ते मागता येते.

@शटर_वर, कमरेचा मुद्दा खरा आहे, पण तो वस्तू उचलण्याविरुद्ध आहे, बसण्याविरुद्ध नाही. अवजड पिशवी ट्रॉलीतच राहू देऊन हातात धरायच्या स्कॅनरने तिचा बारकोड वाचता येतो. आमच्याकडे असा स्कॅनर होता, पण एकच आणि तोही बहुधा गोदामात.

ऱ्हाइनकाठ:

मी बरीच वर्षे जर्मनीत राहते. आल्डी हे स्वस्त किराण्याचे मूळ घराणे याच देशातले, एसेन शहरातले, आणि येथे आल्डीचा कॅशियर बसूनच बिल करतो. गतीचे म्हणाल, तर त्याच्या वेगाने वस्तू पिशवीत भरणे मला आजही जमत नाही. स्कॅनर नव्हते, तेव्हा ही माणसे भाव तोंडपाठ ठेवून यंत्रावर आकडे मारत असत.

हे शक्य होते, कारण सगळी मांडणीच त्या हिशेबाने केलेली असते. ग्राहक स्वतः सामान सरकत्या पट्ट्यावर ठेवतो, पट्टा ते कॅशियरच्या हातापाशी आणतो, कॅशियर ते फक्त सरकवतो आणि ग्राहक परत ट्रॉलीत टाकतो. पिशव्या भरण्यासाठी पुढे वेगळी फळी असते. त्यांच्या स्वतःच्या छापाच्या मालावर बारकोड एवढे मोठे आणि इतक्या बाजूंनी छापलेले असतात की वस्तू फिरवून पाहावीच लागत नाही. तेव्हा श्री. शटर_वर यांचे गणित त्या गणिताच्या माहेरीच खोटे ठरते.

एक मात्र सांगितले पाहिजे. तोच कॅशियर रांग ओसरली की उठून फळ्यांवर माल लावतो, फरशीही पुसतो, आणि कामाचा रेटा असा असतो की त्याला आरामाची नोकरी कोणी म्हणणार नाही.

शटर_वर:

सरकता पट्टा म्हणजे प्रत्येक काउंटरमागे जास्तीची लांबी. पुण्या-मुंबईच्या जागेच्या भावात तीन काउंटरच्या जागी दोन बसतील आणि रांग दीडपट होईल. शिवाय आपल्याकडचा ग्राहक स्वतः पट्ट्यावर सामान मांडेल, या आशेवर मी दुकान चालवू शकत नाही. माझ्याकडे लोक नारळसुद्धा कॅशियरलाच हलवून बघायला सांगतात.

अत्तर_आणि_साबण:

मी एका साबण कंपनीची प्रमोटर म्हणून अशा दुकानांत उभी राहत असे. गणवेश कंपनीचा, पगार तिसऱ्याच मनुष्यबळ संस्थेचा आणि हुकूम दुकानाच्या साहेबांचा. रजा कोणाकडे मागायची, हे शेवटपर्यंत कळले नाही.

म्हणून मला ही सगळी चर्चाच चुकीच्या जागी अडकलेली वाटते. स्टूल दिसते, फोटोत येते, ते देऊन मालकाला मोकळे होता येते. २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात दिवसाला नऊ तासांची मर्यादा आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती लिहिलेली होती. गर्दीच्या दिवशी आमची ती विश्रांती 'अजून दोन गिऱ्हाइके' म्हणता म्हणता संपून जायची. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नऊचे दहा तास करण्यास मान्यता दिली, त्यावर असा धागा निघाल्याचे मला आठवत नाही. दहा तास बसून काम करायचे की आठ तास उभे राहून, असा पर्याय दिला, तर मी विचार न करता उभी राहीन. गल्ल्यातली तूट कॅशियरच्या पगारातून कापण्याचा प्रकारही मी जवळून पाहिला आहे. यूपीआय आल्यापासून रोकड कमी झाली म्हणून तो थोडा आटला, साहेबांना दया आली म्हणून नव्हे.

उभा_काउंटर:

ताई, तासांचा प्रश्न मोठा आहे, हे मान्य. पण तो मुंबईत मंत्रालयात सुटेल, आणि स्टूल उद्या सकाळी सुतार करून देईल. मोठे मिळेपर्यंत लहान मागू नये, असे म्हटले असते, तर कोझिकोडच्या बायका अजून उभ्याच राहिल्या असत्या.

@शटर_वर, पट्टा नको, मांडणी बदलायला नको. आहे त्याच काउंटरला साजेसे उंच स्टूल ठेवावे, ज्यावर माणूस अर्धा टेकून काम करू शकेल आणि अवजड वस्तू आली की उठेल. मंगळवार-बुधवारी दुपारी, रांग नसते तेव्हा, दोन काउंटरवर करून पाहावे. बिलाला लागणारा वेळ आपल्या संगणकात मिनिटासह नोंदला जातोच.

शटर_वर:

मंगळवार-बुधवारी दुपारी माझा काही आक्षेप नाही. शनिवारी ते स्टूल काउंटरखाली गेलेले असेल, आणि ते तसे जाईल, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. मुख्य कार्यालयाची परवानगी मागतो; तेथून पहिला प्रश्न 'ग्राहकांना कसे दिसेल' हाच येणार.

पेठेतले_दुकान:

नकार आला, तर माझ्याकडे एक जुने आहे, घेऊन जावे. पाय थोडा डुगडुगतो.