कारवारला जाळ्यात अडकलेलं कासव सापडलं तर?

टिळकवाडीकर: डिसेंबरात बेळगावहून आमचा ग्रुप कारवारला किनारा साफ करायला निघालाय. फेकलेल्या जाळ्यात ऑलिव्ह रिडले सापडलं तर लगेच पाण्यात सोडायचं काय?

काळीकाठ: लगेच नको. आधी वनखात्याला फोन. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हे अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. जाळं ओढू नका, बोथट टोकाच्या कात्रीनं कापा. धागा मांसात रुतलेला किंवा तोंडातून लोंबत असेल तर हात लावू नका, ओढला की आतडं चिरतं. सावली, पाठीवर ओलं कापड, नाकपुड्या मोकळ्या. पाण्याच्या टाकीत तर नकोच! फुफ्फुसानं श्वास घेतं ते, दमलेलं असलं की बुडतं.

खानापूरकर: घरटं दिसलं तर अंडी हलवू नका. घातल्यावर काही तासांत गर्भ कवचाला आतून चिकटतो, अंडं फिरलं की मरतो. टॉर्चही बंद, पिल्लं उजेडाकडं वळतात.

टिळकवाडीकर: मलप्रभेतलं प्लास्टिक तिकडंच जातं काय?

खानापूरकर: नाही ओ, मलप्रभा कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. आपल्याच खानापूर तालुक्यातली म्हादई मात्र पणजीजवळ अरबी समुद्रात.