न्यू जर्सी ते सिअ‍ॅटल आरव्हीने (आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीने), सोबत ५ वर्षांचा मुलगा, २० महिन्यांची मुलगी आणि सासूबाई. प्लॅन बघून सांगाल का?

ओवीची_आई
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. नवऱ्याला सिअ‍ॅटलला नवीन जॉब मिळालाय, २० जुलैला जॉइन व्हायचंय आणि एडिसनचं अपार्टमेंट ३० जूनला सोडायचंय. म्हणजे मधे जवळजवळ तीन आठवडे मोकळे. सामान मूव्हर्स नेतील, एक गाडी विकतोय, दुसरी ट्रकवर पाठवतोय. आणि आपण विमानाने न जाता आरव्ही भाड्याने घेऊन रस्त्याने जाऊ असं एक दिवस जेवताना सहज बोललो आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. नऊ वर्षं झाली या देशात येऊन, पेन्सिल्व्हेनियाच्या पलीकडे आम्ही कधी रस्त्याने गेलेलो नाही. परत अशी तीन आठवड्यांची सुट्टी कधी मिळणार? लेकाला आत्ता ५ वर्षं पूर्ण झालीत, त्याला बायसन (इथले रानगवे) बघायचेत, बाकी काही नको. लेक तेव्हा २० महिन्यांची असेल, पळते नुसती. आणि सासूबाई इथेच आहेत सप्टेंबरपर्यंत, वय ६४, गुडघे दुखतात पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त.

आमचा कच्चा प्लॅन असा. आय-८० हायवेने शिकागोपर्यंत, मग आय-९० धरून साउथ डकोटा, तिथे बॅडलँड्सचे उघडेबोडके डोंगर आणि माउंट रशमोरचे राष्ट्राध्यक्षांचे पुतळे, मग यलोस्टोन नॅशनल पार्क. रोज साधारण ४५० मैल म्हणजे पाच दिवसांत यलोस्टोनला पोचू, तिथे आठवडाभर निवांत राहू आणि मग सावकाश सिअ‍ॅटल. नवऱ्याने आयुष्यात यू-हॉलच्या (सामान हलवायच्या भाड्याच्या) ट्रकपेक्षा मोठं काही चालवलेलं नाही. मी तर तेही नाही.

मला मुख्य भीती तीन गोष्टींची आहे. कार सीट आरव्हीत नक्की कुठे लावतात? पाच माणसांना किती फुटी घ्यायची? आणि मुलांचं (आणि सासूबाईंचं, त्या बाहेरचं फारसं खात नाहीत) खाणं कसं जमवायचं? बाकी जे सुचेल ते सांगा, ओरडलात तरी चालेल.

पश्चिमवारा
अभिनंदन नव्या जॉबबद्दल! मी जरा वेगळं सांगतो, राग मानू नका. ओहायो, इंडियाना, मिनेसोटा हे सगळं मुलांना घेऊन आरव्हीने पार करण्यात मला अर्थ दिसत नाही. मक्याची शेतं आणि ट्रक, दोन दिवस तेच. त्यापेक्षा विमानाने सॉल्ट लेक सिटीला जा, तिथे आरव्ही घ्या, ग्रँड टिटन, यलोस्टोन, मग मोंटाना-आयडाहोमधून सिअ‍ॅटल. १२-१३ दिवसांत अतिशय आरामात होईल. खर्चाचंही बघा, न्यू जर्सीहून घेऊन सिअ‍ॅटलला सोडायची म्हणजे वन-वे ड्रॉप फी भरपूर लागते, वर रोजचं भाडं, वर मैलाप्रमाणे वेगळे पैसे, जनरेटर तासावर. मोठी क्लास सी (ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड असलेली आरव्ही) गॅलनला ८-९ मैलच देते. तुमच्या रूटने फिरत फिरत ३,३०० मैल धरले तर ४०० गॅलनच्या आसपास नुसतं पेट्रोल. आणि इन्शुरन्स नीट वाचा. आपल्या गाडीचा इन्शुरन्स आणि क्रेडिट कार्डवालं कव्हर आरव्हीला बहुतेक वेळा लागू होत नाही, काउंटरवर उभं राहून ठरवू नका, आधीच फोन करून विचारा.

दोन_पिल्लांची_आई
पश्चिमवारा यांचा हिशोब बरोबर आहे पण मी ओवीच्या आईच्या बाजूने आहे. आम्ही २०२२ मध्ये कनेटिकटहून पोर्टलँडला असेच शिफ्ट झालो, मुलं ४ आणि दीड. आणि मक्याच्या शेतांबद्दल म्हणाल तर मुलाच्या आजही लक्षात आहे ती मिसिसिपी, ला क्रॉसजवळ पूल ओलांडला तेव्हा त्याला उठवलं होतं, आणि त्यानंतर हळूहळू झाडं कमी कमी होत गेली, आकाश मोठं मोठं होत गेलं, ते त्याने स्वतः ओळखलं. "आई झाडं कुठे गेली?" विमानातून उतरल्यावर हे नसतं कळलं. त्यामुळे जा गं, नक्की जा.

पण ४५० मैल विसर. अगदी खरं सांगते, हा एक आकडा बदललास तर ट्रिप होईल, नाही बदललास तर तिसऱ्या दिवशी तुम्ही सगळे रडत असाल. गूगल ७ तास दाखवतं ते गाडीचं. आरव्ही ६०-६५ च्या वर चालवायची नाही, वाऱ्यात तर अजून कमी, पेट्रोल भरायला २०-२५ मिनिटं, डायपर, शू, मग छोटीला सीटमधून काढलं की परत बसवताना धनुष्यासारखी वाकते, ७ चे १० तास कधी होतात कळत नाही. मग अंधारात कॅम्पग्राउंडला पोचायचं, अंधारात रिव्हर्स घ्यायची, अंधारात पाण्याचा पाइप जोडायचा. आम्ही पहिले दोन दिवस हे केलं. दुसऱ्या रात्री मी पार्किंगमध्ये उभी राहून आईला फोन करून रडले होते. तिसऱ्या दिवशी ठरवलं, २५० मैल कमाल, दुपारी ३ ला मुक्कामी, आणि दोन दिवस चाललं की एक दिवस हलायचंच नाही. तुझ्या १९-२० दिवसांत हे बसतं बघ, १३ दिवस चालणं गुणिले २५० म्हणजे सव्वातीन हजार. यलोस्टोनला आठवडा नाही मिळणार, चार रात्री मिळतील. पुष्कळ झाल्या.

अजून एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही पश्चिमेला जाताय म्हणजे तीन वेळा घड्याळ एक एक तास मागे जाणार. मुलं त्याच अंगातल्या घड्याळाने उठतात, ६ ला उठणारी ५ ला, मग ४ ला. आणि संध्याकाळी उलट, साउथ डकोटात जुलैत ९ वाजले तरी उजेड असतो, झोपायला कोणी तयार नाही. खिडक्यांना लावायला काळं जाड कापड आणि वेल्क्रो घेऊन जा आणि टाइम झोन बदलल्यावर दुसरा दिवस सुट्टीचा ठेव. पहाटे ५ ला उठलेली मुलं बॅडलँड्समध्ये मात्र फायद्याची ठरली, सूर्य उगवताना सगळे डोंगर गुलाबी आणि आम्ही चौघंच, शिवाय १० नंतर तिथे ऊन असं तापतं की मुलांना बाहेर काढवत नाही.

मोठ्याला प्रत्येक नॅशनल पार्कच्या व्हिजिटर सेंटरमध्ये ज्युनिअर रेंजरची पुस्तिका मागून दे. ती भरली की रेंजर त्याच्याकडून शपथ म्हणून घेतात आणि बॅज देतात. आमचा मोठा तो बॅज लावलेला शर्ट अजून धुवायला देत नाही.

यलोस्टोनमध्ये छोटीला खाली सोडू नकोस. गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या लाकडी वाटांना बऱ्याच ठिकाणी कठडा नाहीये आणि खाली पाणी जवळजवळ उकळतं असतं. पाठीवरचं कॅरिअर घे, चांगल्यातलं घे. बायसनपासून २५ यार्ड, अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड हा तिथला नियम आहे, पण बायसन स्वतः रस्त्यावर गाडीला खेटून जातात तेव्हा लेकाची हौस खिडकीतून फिटेल.

अण्णा_ओहायो
मुली, मी क्लीव्हलँडजवळ राहतो, रिटायर झाल्यावर आमची स्वतःची २८ फुटी आहे, नातवंडांना घेऊन उन्हाळ्यात फिरतो. तुझे तीन प्रश्न घेतो.

कार सीट. भाड्याने सांगताना "पाच जण झोपतील का" हे विचारू नकोस, "पुढे तोंड असलेल्या, बेल्टवाल्या सीट किती" हे विचार आणि त्या विशिष्ट गाडीचा फोटो माग. क्लास सी मध्ये डायनेटचा (जेवायच्या टेबलाच्या जागेचा) एक बाक पुढे तोंड करून असतो आणि दुसरा उलटा. कार सीट फक्त पुढे तोंडवाल्या बाकावर लावायची. उलट्या बाकावर नाही, आडव्या सोफ्यावर तर मुळीच नाही. छोटी अजून रिअर-फेसिंग, म्हणजे मागे तोंड करून बसत असेल (एवढ्या लहान मुलांसाठी न्यू जर्सीत तसा कायदाच आहे), तिचीही सीट त्याच बाकावर उलटी करून बसते. म्हणजे दोन्ही मुलं एका बाकावर शेजारी शेजारी. तुमच्या दोन्ही कार सीट रुंदीला तिथे मावतात का हे टेप घेऊन मोज, बऱ्याच डायनेटला लॅच (कार सीट अडकवायचे हूक) नसतं, नुसत्या बेल्टने घट्ट बसतात का ते बघ. टेदर म्हणजे कार सीटचा वरचा पट्टा अडकवायला जागा नसते हेही लक्षात ठेव, मोठ्याची सीट फॉरवर्ड असेल तर हा मुद्दा महत्त्वाचा, त्याला सीट बेल्टवर चालणारी बूस्टर (मुलाला उंच बसवणारी सीट) वयात आणि वजनात बसते का ते मॅन्युअलमध्ये बघ. मागे ब्रेकच्या वेळी उडेल असं काही मोकळं ठेवू नका, कुकरसुद्धा कपाटात, कडी लावून.

आणि चालत्या आरव्हीत कोणीही उठायचं नाही. संडास आहे, फ्रीज आहे, म्हणून वाटतं जाऊन यावं. नाही. सासूबाईंना हे आधीच प्रेमाने सांग, त्या मुलांना खायला द्यायला उठतील. गाडी थांबवा, मग उठा.

साइझ. २५ ते २८ फूट, मागे कायमचा बेड असलेली. तो बेड सासूबाईंना द्या. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बेडवर शिडीने चढावं लागतं, तिथे तू आणि मोठा. जावईबापू आणि छोटी डायनेट मोडून. रोज मोडायचं रोज जोडायचं, कंटाळा येतो पण ३० फुटीच्या वर गेलात तर नवख्या माणसाला जड जाईल. निघायच्या आधी एका रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये दोन तास फक्त रिव्हर्स आणि वळणं करा. मागचा भाग चाकांच्या बराच मागे असतो, तो वळताना बाहेर फेकला जातो, पेट्रोल पंपावरचे पिवळे खांब त्यानेच ठोकले जातात.

गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा, १२ फुटांच्या आसपास असेल. साधा गूगल मॅप पूल किती उंच ते बघत नाही, न्यूयॉर्क-न्यू जर्सीतले पार्कवे नावाचे रस्ते तर टाळाच. साउथ डकोटात कस्टर स्टेट पार्कमधला नीडल्स हायवे अतिशय सुंदर आहे पण त्यातले बोगदे आरव्हीला अरुंद आहेत, जाऊ नका. बिगहॉर्न पर्वत ओलांडताना १४ए रस्ता घेऊ नका, उतार भयंकर आहे, बफेलोहून टेन स्लीपकडे जाणारा यूएस १६ घ्या. तोही ९,६०० फुटांवर चढतो, उतरताना गिअर खाली घालून सावकाश, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. छोटीचे कान दुखतील, बाटली हाताशी ठेव.

वादळाचं एक. तिकडे फोनवर वॉर्निंग येते ती काउंटीच्या (जिल्ह्याच्या) नावाने. कॅम्पग्राउंडला पोचलात की पहिल्यांदा विचारायचं ही काउंटी कुठली आणि वादळ आलं तर आसरा कुठे, बहुधा विटांचं बाथरूम असतं. आरव्हीत बसून राहायचं नाही.

जेवण आमच्या हिला विचारलं. ती म्हणते शिकागोच्या पुढे देशी दुकान मिळणं अवघड, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला भरून घ्या, शिकागोतल्या देशी दुकानांच्या डेव्हन रस्त्यावर आरव्ही घेऊन जायच्या भानगडीत पडू नका, पार्किंग नाही. भाजणी, मेतकूट, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या पहिल्या तीन दिवसांना. कुकर न्याच. यलोस्टोन लेकजवळ तुम्ही ७,७०० फुटांवर असता, पाणी ९२ अंशांनाच उकळतं, साध्या पातेल्यात तुरीची डाळ शिजत नाही म्हणजे नाही. मुगाची खिचडी लावा, दोन शिट्ट्या जास्त. फोडणी मात्र गाडीत करू नका, मिरची पडली की स्मोक अलार्म ओरडतो आणि झोपलेली पोरं उठतात. बाहेर टेबलावर छोटी शेगडी ठेवून करा, पण अस्वलांच्या भागात खाऊन झाल्यावर तेलाचा थेंबही बाहेर सोडू नका.

ओवीची_आई
काय लिहू, डोळे भरून आले खरंच. रात्री सगळं नवऱ्याला आणि आईंना वाचून दाखवलं. ४५० चा नाद सोडला. दोन दिवस चाल एक दिवस मुक्काम असं कॅलेंडरवर मांडलं तर ४ जुलै (इथला स्वातंत्र्यदिन) इंडियाना ड्यून्सपाशी येतो, तिथे तलावाकाठी वाळूत मुलं खेळतील. आई म्हणाल्या मागचा बेड नको मला, मी नातवाजवळ झोपेन, त्यावर अजून चर्चा चालू आहे. एक विचारायचं राहिलं, यलोस्टोनमध्ये हूकअप (आरव्हीला वीज-पाण्याची जोडणी) मिळतो का? रात्री थंडी असते म्हणतात.

दोन_पिल्लांची_आई
जुलैतही रात्री बोचरी थंडी पडते, मुलांना कानटोप्या ठेव. पार्कच्या आत पाणी, वीज, सांडपाण्याची जोडणी तिन्ही असलेलं एकच आहे, फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क, आणि तिथे अस्वलांमुळे फक्त पक्क्या भिंतीच्या गाड्या घेतात, तंबू किंवा कापडी पॉप-अप नाही. तुमची चालेल. पण आजच बघ, हे वाचून झालं की लगेच. नाही मिळालं तर रोज सकाळी उघडून बघत राहा, लोक कॅन्सल करतात, आम्हाला तसंच मिळालं होतं. ४ जुलैचा वीकेंडही आत्ताच बुक कर.

पश्चिमवारा
माझं मत मागे घेतो, जा रस्त्यानेच. फक्त जुलै संपायच्या आत ब्लॅक हिल्स (माउंट रशमोर आहे ते डोंगर) ओलांडताय ते चांगलं आहे, ऑगस्टच्या सुरुवातीला स्टर्जिसची मोटरसायकल रॅली असते तेव्हा तिथे सुई टेकायला जागा नसते. आणि गाडी ताब्यात घेताना आतून-बाहेरून, छतावरून सुद्धा व्हिडिओ काढा. मी एकदा नाही काढला आणि आधीपासून असलेल्या भेगेचे पैसे भरले.

ओवीची_आई
फिशिंग ब्रिज मिळालं!! तीन रात्री, १२ ते १५ जुलै. चौथी रात्र वेस्ट यलोस्टोनला बाहेर घेतली. लेक विचारतोय बायसनला आपली खिचडी आवडेल का.