मूत्रपिंड निकामी झाल्यावर हार्मोन्सचे रासायनिक रूपही बदलते का?

प्रश्न:
माझी आई दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहे. ताज्या रिपोर्टमध्ये तिचे पॅराथायरॉइड हार्मोन (रक्तातील कॅल्शियम सांभाळणारे हार्मोन) ४८० आले असून शेजारी छापलेली सामान्य मर्यादा ६५ पर्यंतच आहे. तरीही तिच्या बाबतीत हा आकडा चालण्यासारखा आहे, असे डॉक्टर म्हणाले. दुसरीकडे, मागच्या महिन्यात ती पहाटे घामाने थबथबून जागी झाली, साखर ५२ निघाली आणि इन्सुलिनचा डोस जवळपास निम्म्यावर आणावा लागला. या आजारात हार्मोन्स केवळ कमीजास्त होतात, की मुळातच बदलतात?

उत्तर १ (जीवरसायनशास्त्राची शिक्षिका):
बदलतातही, आणि त्यामागचे एक कारण युरियातच दडलेले आहे. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर यांनी अमोनियम सायनेटपासून युरिया तयार केला, हे आपण शाळेत शिकतो. पण ही अभिक्रिया उलटही चालते, म्हणजे रक्तात साचलेल्या युरियाचा अगदी थोडा अंश सतत सायनेटमध्ये मोडत असतो. हे सायनेट प्रथिनातील लायसिन या अमिनो आम्लाच्या (प्रथिनांच्या साखळीतील एका घटकाच्या) टोकाला चिकटते आणि तिथला धन विद्युतभार नाहीसा करते. याला कार्बामायलेशन म्हणतात. प्रयोगशाळेत एरिथ्रोपोएटिनवर (तांबड्या पेशी वाढवणाऱ्या हार्मोनवर) हीच प्रक्रिया केली, तर रेणू जवळपास तसाच दिसतो, पण त्याला नेहमीच्या ग्राहीला (पेशीवर हार्मोन जिथे बसते त्या जागेला) धरता येत नाही आणि तांबड्या पेशी वाढवण्याची त्याची शक्ती जाते. अर्थात, अशा रुग्णांच्या रक्तक्षयाचे मुख्य कारण मूत्रपिंडात हे हार्मोन पुरेसे तयारच न होणे हे आहे, ही गोष्ट नजरेआड करू नये.

उत्तर २ (पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो):
आईंच्या ४८० बद्दल सांगतो. हे हार्मोन ८४ अमिनो आम्लांची साखळी असून तिचे सुरुवातीचे टोक कामाचे असते. ते टोक तुटलेले तुकडे एरवी मूत्रपिंडे रक्तातून काढून टाकतात. ती थांबली की तुकडे साचतात आणि प्रचलित चाचणी त्यांतले काही तुकडे अख्ख्या हार्मोनमध्येच मोजते. शिवाय साखळीतील ८ व्या स्थानावरच्या मेथिओनिन या अमिनो आम्लाचे ऑक्सिडीकरण झाले (त्याला ऑक्सिजन जोडला गेला), तर हार्मोन निष्प्रभ होते, चाचणीत मात्र मोजले जाते. त्यात हाडेही या हार्मोनला पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत, म्हणून डायलिसिसवरील रुग्णांसाठी सामान्य मर्यादेच्या साधारण २ ते ९ पट पातळी स्वीकारली जाते. पुढची चाचणी शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, कारण वेगळ्या किटवर आकडा बराच वेगळा येऊ शकतो.

उत्तर ३ (डायलिसिस विभागातील परिचारिका):
इन्सुलिनच्या बाबतीत मात्र रासायनिक बदल शोधण्याची गरज नाही. टोचलेल्या इन्सुलिनचा मोठा भाग मूत्रपिंडातच मोडला जातो; ते काम मंदावले की तेच इन्सुलिन रक्तात जास्त वेळ राहते आणि जुना डोस जड जातो. ‘ड’ जीवनसत्त्वाचे नेमके उलट आहे, कारण त्याला कार्यक्षम करणारी शेवटची पायरी प्रामुख्याने मूत्रपिंडातच पार पडते, आणि ती अडली की पॅराथायरॉइड ग्रंथी आणखी चेकाळतात. पहाटे साखर पुन्हा उतरली, तर ताबडतोब साखर द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

प्रश्नकर्ता:
आपले तिघांचे मनापासून आभार. जुने तीन रिपोर्ट काढून पाहिले, तर त्यांतला एक वेगळ्या लॅबचा निघाला. तो बाजूला ठेवून उरलेले दोन घेऊन डॉक्टरांकडे जाणार आहे.