जप्तीचे वॉरंट घेऊन बेलिफ (न्यायालयाचे आदेश बजावणारा कर्मचारी) आल्यास त्याला काय नेता येते?

प्रश्नकर्ता, सुभाषनगर:
आमचे चपला शिवण्याचे काम घरातूनच चालते. उसनवारीच्या दाव्यात वडिलांविरुद्ध हुकूमनामा (न्यायालयाचा निकालाचा आदेश) झाला असून आता दरखास्तीत, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीसाठीच्या अर्जावर, जप्तीचे वॉरंट निघाले आहे. बेलिफ रापी (चामडे कापायचे हत्यार), शिलाई यंत्र आणि आईचे मंगळसूत्रही नेईल का?

उत्तर १:
दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० नुसार कारागिराची हत्यारे, गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने जप्त होत नाहीत. त्यामुळे रापी व मंगळसूत्राची चिंता नको. विक्रीसाठी बांधून ठेवलेले चपलांचे जोड, टीव्ही आणि दुचाकी मात्र वडिलांच्या मालकीची असल्यास नेता येतात. शिलाई यंत्रावरून वाद होऊ शकतो, म्हणून वकिलांमार्फत आधीच हरकत नोंदवावी.

उत्तर २:
कलम ६२ प्रमाणे सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. वडिलांनी आत येण्यास अडवले, तर मात्र त्यांच्या ताब्यातील घराचे बाहेरचे दारही फोडता येते. तेव्हा कडी लावून बसू नये. (आमच्या गल्लीत एकाने तेच केले होते.) वॉरंटवरील न्यायालयाचा शिक्का आणि बजावणीची तारीख तपासावी.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. उद्याच वकिलांना भेटतो.