पहिला क्रमांक नेमका कोणाच्या फोनवर?

ब-२०३: सर्वांना नमस्कार. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरील जाणकारांचा सल्ला हवा आहे. माझ्या मोदकांच्या आणि फराळाच्या ऑर्डरींसाठी गेल्या वर्षी एका एजन्सीला ऑनलाइन जाहिरातीचे काम दिले होते. आता करार वाढवण्याची वेळ आली असून, ‘वारजे उकडीचे मोदक’ असे शोधल्यावर माझे नाव सर्वांत वर येते, याचा स्क्रीनशॉट त्यांनी पाठवला आहे. माझ्या फोनवर तसेच दिसते आणि ह्यांच्या फोनवरही दिसते. परंतु कोथरूडला राहणाऱ्या माझ्या नणंदेने शोधले, तेव्हा पहिल्या पानावर माझा पत्ताच नव्हता. एजन्सी खोटे बोलत आहे का?

क-१०१: ताई, आताच पाहिले. माझ्याही फोनवर तुम्हीच पहिल्या आहात. नणंदबाईंनी काहीतरी वेगळे टाइप केले असेल.

अ-५०४: ताई, एजन्सी खोटे बोलत असेलच असे नाही, आणि नणंदबाईंचेही काही चुकलेले नाही. याच क्षेत्रात बरीच वर्षे नोकरी केल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. लांबले तर क्षमा असावी.

‘गूगलवर पहिला क्रमांक’ असा एकच क्रमांक आता अस्तित्वात नाही. डिसेंबर २००९ पासून गूगलने, खात्यात साइन-इन न केलेल्या माणसालाही, त्याच्या आधीच्या शोधांचा विचार करून निकाल दाखवण्यास सुरुवात केली. त्याच सुमारास ओळखीच्या माणसांनी लिहिलेला मजकूर निकालांत आणण्याचा प्रयोगही सुरू झाला होता. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राने २०१० मध्ये फेसबुकशी हातमिळवणी करून मित्रांचे ‘लाइक’ निकालांशेजारी दाखवले. पुढे १० जानेवारी २०१२ रोजी गूगलने ‘सर्च प्लस युअर वर्ल्ड’ आणले आणि गूगल प्लस या स्वतःच्या सोशल नेटवर्कवरील आपल्या मंडळींच्या पोस्ट, फोटो आणि पाने थेट निकालांत मिसळली. त्यावर ट्विटरने उघड नाराजी व्यक्त केली, खासगीपणाच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या ‘एपिक’ या अमेरिकी संस्थेने तेथील व्यापार आयोगाकडे चौकशीची मागणी केली, आणि फेसबुक, ट्विटर व मायस्पेसच्या अभियंत्यांनी मिळून, गूगल स्वतःच्याच नेटवर्कला कसे झुकते माप देते हे दाखवणारे एक छोटे साधन त्याच महिन्यात प्रसिद्ध केले. (स्पर्धकांना अचानक वापरकर्त्याची काळजी वाटू लागली, हेही गमतीचेच होते.)

आम्हा मार्केटिंगवाल्यांवर याचा परिणाम फार झाला. ग्राहकाच्या परिचितांपैकी कोणी आपले पान जोडून घेतले, तर त्या ग्राहकाच्या निकालांत आपण वर येऊ, या आशेने प्रत्येक ब्रँडने गूगल प्लसवर पान उघडले, वेबसाइटच्या कोपऱ्याकोपऱ्यात ‘प्लस वन’चे, म्हणजे गूगलच्या ‘लाइक’चे, बटण लावले, आणि काहींनी तर ते ‘प्लस वन’ विकतही घेतले. एप्रिल २०१९ मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठीचे गूगल प्लस बंद झाले आणि ही सगळी मेहनत भाड्याच्या जागेत बांधलेल्या माडीसारखी एका नोटिशीत गेली. दुसरीकडे, ऑक्टोबर २०११ पासून साइन-इन केलेला ग्राहक कोणता शब्द शोधून आपल्याकडे आला, हेच वेबसाइटच्या मालकाला दिसेनासे होऊ लागले. म्हणजे निकाल माणसागणिक बदलू लागले, आणि ते मोजण्याची पट्टी त्याच सुमारास हातातून निसटत गेली.

आता तुमच्या मोदकांकडे येतो. आज गूगल स्वतः असे सांगते की वैयक्तिक बदल मर्यादित असतात आणि ठिकाणाचा प्रभाव मोठा असतो. नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये मोजले, तेव्हा वैयक्तिकीकरणामुळे सरासरी ११.७ टक्के निकाल बदललेले आढळले, आणि त्यामागील ठळक कारणे खात्यात साइन-इन असणे व ठिकाण हीच होती. नकाशासोबत येणाऱ्या स्थानिक यादीत तर अंतर हा उघडपणे सांगितलेला निकष आहे. तुम्ही, तुमचे यजमान आणि क-१०१ एकाच आवारात बसून शोधता. शिवाय तुम्ही स्वतःचे पान दिवसातून दहा वेळा उघडता. अशा फोनवर पहिले येणे म्हणजे आपल्या अंगणात घेतलेल्या शर्यतीत पहिले येणे होय.

ड-४०२: माहिती चांगली आहे, पण एक शंका विचारतो. डॉक्टर असो वा केटरर, आपण पूर्वीही शेजाऱ्यालाच विचारत होतो. मग ओळखीच्या लोकांचे मत यंत्राने वर आणले, तर बिघडले कुठे? अनोळखी माणसाच्या पाच ताऱ्यांपेक्षा ते बरेच म्हणायचे.

अ-५०४: काका, शंका रास्त आहे, आणि ओळखीच्या माणसाच्या शब्दाला वजन असते हे मलाही मान्य आहे. फरक असा, की शेजाऱ्याला आपण होऊन विचारतो, तो कोण आहे आणि तसे का सांगतो आहे हे जाणून त्याचे म्हणणे तोलतो, आणि पटले नाही तर पुढच्या घरी जातो. यंत्र मात्र, कोणीतरी सवलतीच्या कूपनसाठी दाबलेले ‘लाइक’ आणि कोणीतरी दहा वर्षे उपचार घेऊन दिलेले मत, ही दोन्ही एकाच तागडीत टाकते. आपली शिफारसही आपल्या नकळत वापरली जाऊ शकते. नोव्हेंबर २०१३ मध्ये गूगलने अटी बदलल्या, आणि आपण दिलेला अभिप्राय आपले नाव व फोटो यांसह जाहिरातीशेजारी दाखवण्याची मुभा स्वतःकडे घेतली. नको असेल त्याने सेटिंगमध्ये जाऊन नकार द्यायचा होता. शेजाऱ्याने माझा फोटो दुकानाच्या फलकावर लावला, तर तो निदान आधी विचारील.

इन्स्टाग्रामवर हा प्रकार अधिक ठळक आहे. तेथील शोधात आपण कोणाला फॉलो करतो आणि काय पाहतो, याचा विचार होतो, हे कंपनीने जाहीरपणे सांगितले आहे. त्यामुळे ताईंच्या मैत्रिणींना ताई सहज सापडतील. प्रश्न नव्या ग्राहकाचा आहे, आणि एजन्सीला पैसे त्याच्यासाठीच दिले जातात.

ब-२०३: मग खरे काय ते मला समजणार कसे? गुप्त (इनकॉग्निटो) विंडोमध्ये शोधून पाहू का?

अ-५०४: त्याने आधीचे शोध बाजूला पडतात, ठिकाण मात्र तसेच राहते. कधी निकालांच्या तळाशी वैयक्तिकीकरणाशिवाय पाहण्याचा पर्याय दिसतो, तोही वापरून पाहा. परंतु स्क्रीनशॉटच्या मागे लागूच नका. तुमच्या छोट्या वेबसाइटसाठी गूगलची ‘सर्च कन्सोल’ नावाची विनामूल्य सोय आहे. तीत कोणत्या शब्दाला किती वेळा तुम्ही दिसलात, किती वेळा दाबले गेले आणि सरासरी स्थान काय होते, हे कळते. गूगलवरील व्यवसाय-प्रोफाइलमध्येही (नकाशावर दिसणारी तुमच्या व्यवसायाची नोंद) किती लोकांनी पाहिले आणि किती फोन आले, याची नोंद असते. एजन्सीकडे हे आकडे वर्षभराचे मागा. सोबत, गणपतीत आणि दिवाळीत आलेल्या नव्या ग्राहकांना ‘आमचे नाव कोठे पाहिले?’ एवढे विचारून वहीत लिहून ठेवा.

क-१०१: म्हणजे माझ्या फोनवर ताई पहिल्या दिसतात, याला काहीच अर्थ नाही?

अ-५०४: वहिनी, अर्थ एवढाच की तुम्ही त्यांच्याच जिन्याखाली राहता.

ब-२०३: दादा, मनापासून आभार. एजन्सीला आकडे मागितले. उत्तर असे आले, की वेबसाइट आणि व्यवसाय-प्रोफाइल या दोन्हींची खाती त्यांच्या नावावर आहेत, आणि माहिती करार वाढवल्यानंतर देण्यात येईल.

अ-५०४: मग क्रमांकाचा विषय आज बाजूला ठेवा. प्रोफाइलची मुख्य मालकी तुमच्या ई-मेलवर द्यावी, असे आधी लेखी कळवा. उद्या सायंकाळी सातनंतर मी घरी आहे. लॅपटॉप घेऊन या, दोघे बसून पाहू.