जरबेराची मान आणि लिग्निनचं जनुक

चोपड्याचे आप्पा: धुळ्याच्या भाऊंनी काल ग्रुपवर लिहिलं, "जरबेरा मान टाकतो कारण देठात लिग्निन, म्हणजे देठ ताठ ठेवणारा कठीण पदार्थ, कमी. लिग्निनची जनुकं जोरात चालणारं वाण बनवा, प्रश्न मिटला." रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

झाडात फिनाइलअलॅनिन या अमिनो आम्लापासून निघालेली वाट पुढे फुटते. एक फाटा लिग्निनचा, दुसरा अँथोसायनिनचा, म्हणजे फुलाच्या लाल-जांभळ्या रंगाचा. कुठल्या पेशीत कधी लिग्निन भरायचं ते नॅक आणि मिब गटातली, दुसऱ्या जनुकांना चालू-बंद करणारी जनुकं ठरवतात. सरसकट जोर लावला आणि रंगच फिका पडला, तर ते फूल घेणार कोण?

आणि माझं ऐका. गेल्या मे महिन्यात भाव होता म्हणून फुलाच्या मधल्या चकतीतल्या बाहेरच्या दोन ओळी उमलायच्या आधीच फुलं ओढली. संध्याकाळी बादलीत ताठ. सकाळी फुलाखाली पाच-सहा बोटांवर सगळ्यांच्या माना वाकलेल्या. आठवड्याने त्याच वाफ्यातली तयार फुलं काढली, ती उभी राहिली. वाण तेच, जनुकं तीच.

धुळे: काढणीचं मान्य. पण एकाच दिवशी काढलेलं, एकाच बादलीतलं एक वाण ताठ आणि दुसरं लोळतं, ते का? पिअनीच्या फुलातही ताठ आणि लोळणाऱ्या देठांत लिग्निनचा फरक सापडलाय.

आप्पा: वाण निवडा ना, कोण अडवतंय! जनुक घुसवायला माझा विरोध आहे. २००२ ला बीटी कपाशी आली तेव्हाही "फवारणी सुटली" असंच सांगितलं होतं. गुलाबी बोंडअळीने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं.

शिरपूर: बीटीला नावं ठेवू नका. त्याआधी माझे वडील पाठीवर पंप घेऊन फवारायचे, एकदा सरीतच भोवळ येऊन पडले. मी तेव्हा दहावीत होतो. गुलाबी अळी माजली ती बीटीला सरावू नये म्हणून कडेने पेरायला दिलेलं नॉन-बीटीचं पाकीट आपण बांधावर फेकून दिलं म्हणून.

आप्पा: फेकलं नाही! पेरलं, उगवलंच नाही. दुकानदार म्हणाला, तुमची जमीन खराब. दर वेळी दोष शेतकऱ्याचाच का?

जळगावची ताई: कपाशी पुरे. बादलीचं पाणी रोज बदलता का? जिवाणूंनी देठाच्या नळ्या तुंबल्या की लिग्निन कितीही असो, मान पडतेच. थोडं क्लोरीन घाला. आणि धुळ्याचे भाऊ, बाहेरचं जनुक न घालता जनुक-संपादन, म्हणजे झाडाच्याच जनुकात बदल करायला २०२२ पासून आपल्याकडे वेगळे नियम आहेत. आप्पांचा विरोध त्यालाही आहे का, ते विचारा.

आप्पा: त्याला नाही. पण रंग गेला तर मी पहिला ओरडेन.

धुळे: बादलीचं मानलं, वाणाचं सोडत नाही. आप्पा, त्या पाकिटाची पावती आहे का?

आप्पा: आहे. २०१७ ची.