पातळ फिनला पांढरं बीड येतंय, आणि आकृतीत युटेक्टिक दोन का?

मच्छेकर: एफजी २२० (२२० मेगापास्कल ताकदीचं करडं बीड, म्हणजे ओतीव लोखंड) मध्ये पंपाची केसिंग ओततोय. भिंत १४ मिमी, फिन (बाहेर आलेली पातळ पट्टी) ५ मिमी. कार्बन ३.३, सिलिकॉन १.९, मँगनीज ०.६, फॉस्फरस ०.०६, गंधक ०.०३ टक्के. फिनची टोकं पांढरी आणि कडक पडतात, मशीनवर हत्याराची कार्बाइडची टिप उडते. शिवाय लोह-कार्बन आकृतीत युटेक्टिक (द्रव एकदम दोन घनांत गोठतो ते तापमान) कुठे ११४७ तर कुठे ११५३ अंश दिलंय. कुठलं धरायचं?

वेज टेस्ट (टोपणनाव): दोन्ही धरायची, तुमच्या तक्रारीचं मूळ त्याच सहा अंशांत आहे. ११५३ ला द्रवातून ऑस्टेनाइट (कार्बन विरघळलेलं घन लोखंड) आणि ग्राफाइट (सुटा कार्बन) निघतं, हा स्थिर समतोल. ११४७ ला ऑस्टेनाइट आणि सिमेंटाइट (लोह-कार्बनचं कडक संयुग, त्यानंच बीड पांढरं पडतं), हा अर्धस्थिर. ग्राफाइटला बीजं लागतात, वाढायला वेळ लागतो. फिनमध्ये तो मिळत नाही. बीड खालच्या रेषेच्याही खाली घसरतं आणि सिमेंटाइट बाजी मारतं.

सिलिकॉन वरची रेषा वर आणि खालची खाली ढकलतो. २ टक्के सिलिकॉनला अंतर ३०-४० अंश होतं. क्रोमियम ते अंतर मिटवतो, म्हणून स्क्रॅपमधला क्रोमियम आधी तपासा.

तुमचा सीई (कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे कार्बन + (सिलिकॉन + फॉस्फरस)/३) ३.३ + (१.९ + ०.०६)/३ = ३.९५. पाच मिमीला कमी पडतो. कार्बन ३.४, सिलिकॉन २.२ केलात तर ४.१५ होईल. पण १४ मिमीच्या भिंतीची ताकद उतरेल, तेव्हा टेस्ट बार ओतून बघूनच पुढं जा.

मच्छेकर: इनॉक्युलंट (ग्राफाइटला बीजं पुरवणारी भर) घालतोच की. २५० किलोच्या लेडलला (ओतायच्या भांड्याला) ७५० ग्रॅम फेरोसिलिकॉन.

लेडल (टोपणनाव): म्हणजे ०.३ टक्के, मात्रा बरोबर आहे. शेवटचा साचा किती मिनिटांनी भरतो ते मोजा. पाच-सात मिनिटांत बराचसा परिणाम विरतो. ओतताना धारेतच आणखी ०.१ टक्का सोडा, दाणा ०.२ ते ०.७ मिमी, कोरडा. आणि भट्टीत १५०० च्या वर बीड उभं ठेवू नका, बीजं मरतात.

मला जास्त खटकतंय ते गंधक. इंडक्शन भट्टीत स्टील स्क्रॅप जास्त असलं की ते असं कमी पडतं. ०.०५ च्या खाली बीड इनॉक्युलंटला दाद देत नाही. ५०० किलोच्या हीटला (एका वेळच्या वितळीला) ०.०३ वरून ०.०७ करायला २०० ग्रॅम गंधक लागतं. पायराइटमध्ये (लोह-गंधकाचं खनिज) ते साधारण निम्मं, म्हणजे ४०० ग्रॅम आणि वर थोडी घट. गंधकाला तोलायला मँगनीज १.७ × गंधक + ०.३, म्हणजे १.७ × ०.०७ + ०.३, किमान ०.४२ हवं, तुमचं ०.६ पुरेसं आहे.

मच्छेकर: आणि ओतून पडलेल्या केसिंगांचं?

वेज टेस्ट: ९०० ते ९५० अंशांवर दोनेक तास ठेवा, सिमेंटाइट फुटून ग्राफाइट होतं. भट्टीतच गार केलं तर फेराइट (मऊ लोखंड) वाढतं आणि २२० ची ताकद राहत नाही. म्हणून ५४० पर्यंत हवेत उतरवा, तिथून पुढं ताण राहू नये म्हणून भट्टीत सावकाश.